सायबाच्या वाटेवर

गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त 3 डिसेंबरला असतं. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होतो आणि त्या दिवसांत सावंतवाडीकडून, बेळगावकडून माणसांचे जथे पायी निघतात. आमच्या वाडीचाही निघतो. मी त्याला वारीच म्हणतो. पुढे क्रूस, मागे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणारी माणसं. बांदा, पत्रादेवी, मग हमरस्त्याने कोलवाळचा पूल आणि म्हापसा.

यंदा जथ्यात आमचा शेजारीही होता. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे. तो त्याने आमच्या परड्यात सरकवून बांधला, आणि मी विचारायला गेलो तर माझ्यावरच दावा ठोकला. वडील होते तोवर हद्दीवरच्या माडाचे नारळ दोन्ही घरं वाटून घ्यायची. आता बायकाही विहिरीवर बोलत नाहीत.

तेर्सात मरियेच्या प्रत्येक दहा प्रार्थनांच्या, म्हणजे नमो मारियांच्या, आधी प्रभूची प्रार्थना येते. आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही मागणी लहानपणापासून तोंडात बसलेली. त्या दिवशी दहा पावलांवर पुढे तोही तेच म्हणत होता. त्याचा आवाज ऐकू आला की माझे ओठ मिटायचे. तो पहिला येईल, चुकलं म्हणेल, मग मी क्षमा करीन, असा माझा हिशेब होता.

म्हापशाच्या अलीकडे एका कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, मांडवात मुक्काम पडला. रात्री कोणीतरी घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घेऊन सगळ्यांचे पाय शेकायचे, अशी आमच्या जथ्याची रीत. त्या रात्री त्याची पाळी होती. ओळीत माझा नंबर आला. तो खाली बसला, वर न बघता म्हणाला, "पाय घाल रे हेच्यात."

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. ही मला त्याची नम्रता वाटायची. तिथे बसल्यावर कळलं, नको म्हणण्यातही ताठा असतो. शत्रूची सेवा करणं एक वेळ जमतं, त्यात आपला मोठेपणा शाबूत राहतो. त्याच्याकडून सेवा घ्यायची म्हणजे आपल्यालाही कशाची तरी गरज आहे हे त्याला दिसतं. आणि येशूने त्या रात्री आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले होते. तो अजून मेजावरून उठला नव्हता.

मी पाय घातले. फुटलेल्या फोडांना मीठ झोंबलं. त्याने ओल्या फडक्याने टाचा पुसल्या आणि तो पुढच्या माणसाकडे सरकला. माफीचा शब्द आला नाही. मीही आता त्याची वाट बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मांडवीचा पूल ओलांडून रायबंदरच्या लांबलचक रस्त्याने आम्ही जुन्या गोव्यात शिरलो. पोपचा दूत म्हणून आलेला सायब 1542 मध्ये याच गोव्यात उतरला आणि इस्पितळात राहायला गेला. सगळ्यात अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशेजारी झोपायचा. बॉम जेझू चर्चमध्ये त्याचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे बघताना मला तेच आठवत होतं.

कुमसाराच्या, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करण्याच्या, रांगेत मत्तयाचा पाचवा अध्याय मनात घोळत होता. वेदीशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा. चूक कोणाची, हे येशू तिथे विचारतच नाही. जायचं मी.

परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे बसलो. गडग्याखालची जमीन माझी आहे असं मी आजही मानतो, आणि तसं त्याला सांगितलंही. पण कोर्टाआधी सरकारी मोजणी करून घेऊ, फी अर्धी अर्धी भरू, असं म्हटलं. बांदा येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, अर्ज तू लिही, सही मी करतो.