ऑक्सिजन घरी पाठवताना घराची चौकशी

मुदतीच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या काही बाळांना ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेसिया हा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार होतो. १९६७ मध्ये नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. यांतली काही बाळे नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावूनच घरी जातात. रक्तातील ऑक्सिजन पुरेसा राहिला तर बाळाचे वजन वाढते आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवरचा ताण कमी होतो, त्यामुळे हा उपचार मोलाचाच आहे.

परंतु हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, विजेवर चालतो. वीज गेली तर भरलेला सिलिंडर हाताशी हवा, आणि वाढलेले बिल कोण भरणार हेही ठरलेले हवे. घरात कोणी धूम्रपान करत असेल किंवा चूल पेटत असेल, तर धूर आधीच नाजूक असलेल्या फुप्फुसांत जातो आणि ऑक्सिजनमुळे आग भडकण्याचा धोका असतो तो वेगळाच. रात्री बाळाने पाय झाडला की पावलावरचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर सरकतो, अलार्म वाजतो, आणि आईला दर वेळी दिवा लावून बाळाचे ओठ, श्वास आणि गालावरची चिकटपट्टी तपासावी लागते. दुसरे कोणी जागायला नसेल, तर तिची नोकरी फार काळ टिकत नाही.

म्हणून घरी सोडण्यापूर्वी ही चौकशी आपुलकीने व्हावी, असे मला ठामपणे वाटते. मात्र अडचणी आढळल्यास कुटुंबाला अपात्र ठरवू नये. वीजबिलात सवलत, घरी येणारी परिचारिका आणि रात्रीही फोन उचलणारे कोणीतरी मिळवून द्यावे.