कोक्सची लाट: दोन दिवस नुसती बसून होते

सर्फिंगसाठी मालदीवला जायचं झंझट काहीच नाही, इमुगाचा (मालदीवच्या इमिग्रेशनचा) फॉर्म प्रवासाआधी ९६ तासांच्या आत ऑनलाइन भरला, व्हिसा एअरपोर्टवर मिळाला आणि मालेहून स्पीडबोटने थुलुसधू बेट. अडलं ते थेट पाण्यात.

कोक्स ही थुलुसधूची लाट, हे नाव बेटावरच्या कोकाकोला फॅक्टरीमुळे पडलं. मी शिकले गोव्यात मांद्र्याला, तिथे खाली वाळू, त्यामुळे लाट आज इथे फुटते तर उद्या तिथे, सगळ्यांना काही ना काही मिळतं. इथे खाली रीफ (प्रवाळाचा खडक), ते जागचं हलत नाही, म्हणून लाट पण त्याच एका जागी फुटते आणि ती जागा आपल्या हॉलएवढी. त्यात वीस जण! पहिल्या दिवशी अडीच तास बसले, एक लाट मिळाली नाही. फुटण्याच्या जागेच्या सगळ्यात जवळ जो असेल लाट त्याची, हा नियम मला मान्य आहे. पण आत्ताच लाट घेऊन आलेला माणूस वळसा मारून परत माझ्या पुढे जाऊन बसतो, हे कुठल्या नियमात बसतं? एक जण तर दर वेळी "नेक्स्ट वन युअर्स" म्हणायचा आणि पुढची पण स्वतःच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तेच. टोनी हिंड हा ऑस्ट्रेलियन सर्फर १९७३ मध्ये बोट रीफवर फुटून मालदीवला अडकला आणि मग इथलाच झाला, त्याला किती वर्षं या लाटा जवळपास एकट्याला मिळाल्या असतील, बसल्या बसल्या हेच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेले, पाण्यात पाचच जण. लवकरच जा, आणि भरती-ओहोटी बघून जा, पूर्ण ओहोटीला नवख्याने उतरूच नये. सेटची (एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांची) तिसरी लाट आली तेव्हा पुढे कोणी नव्हतं, एक लोकल मुलगा ओरडला "गो गो गो!" खाली बघितलं तर पाणी मागे ओढलं जात होतं आणि प्रवाळाची एकेक फांदी मोजता येत होती. मग बघितलंच नाही, उभी राहिले. चॅनलमध्ये (रीफच्या बाजूच्या खोल पाण्यात) बाहेर पडले तर हात थरथरत होते आणि तो मुलगा लांबून टाळ्या वाजवत होता.

हां, पडलात तर पाय खाली टाकू नका, अंग पसरून आडवे पडा. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) एक जास्तीची न्या. समोर चॅनलपलीकडे चिकन्स नावाची लाट आहे, डावीकडे जाणारी, आधी तिथे हात बसवलात तर बरं.

त्या सकाळी चार लाटा मिळाल्या. चौथीला कोपर रीफवर घासलं. प्रवाळाची जखम गोड्या पाण्याने लगेच घासून धुवा, आत कण राहतात. मी आधी नाश्ता केला, तीन आठवडे झाले, अजून भरतेय.