रोखीचा भाव

“रोख देणार असाल तर भाव वेगळा लावतो,” दुकानदार हळूच म्हणाला. समोर रोड बाइक प्रकारची सायकल, वर पाटी ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी हप्ते.

ते ‘वेगळा’ दिवसभर डोक्यातून जाईना. म्हणजे हप्त्याने घेणाऱ्याची सवलत आधीच गेली. वर प्रोसेसिंग फी. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात बँक व्याज धरतेच. तेवढी सूट किमतीत मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपणच भरतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

ज्याला रोज सायकलनेच कामावर जायचंय, त्याने जरूर हप्ता घ्यावा. माझी जुनी अजून धडधाकट आहे. मी साठवूनच घेणार, दिवाळी उलटली तरी चालेल.

तुम्ही विचारता का रोखीचा भाव?