रोजनिशी : अनेक प्रोसेसर, एक कर्नल

रविवार, सोलापूर

आजचा दिवस कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, यंत्रनिरपेक्ष (सर्व प्रोसेसरांना समान) आणि यंत्रसापेक्ष (प्रोसेसरागणिक वेगळ्या) भागांमधली सीमारेषा नव्याने आखण्यात गेला. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात बाहेर पडण्यात अर्थ नसतो, त्यामुळे खिडक्या लावून सलग विचार करता आला. एक्स८६, ६४-बिट आर्म आणि रिस्क-फाइव्ह या तिन्ही प्रोसेसर-प्रकारांवर एकाच स्रोतातून अनेक प्रोसेसर चालवायचे, तर यंत्रसापेक्ष भागाकडे नेमके काय मागायचे? माझे मत पक्के होत चालले आहे, की तेथे साधन मागू नये, परिणाम मागावा.

बाकीचे प्रोसेसर सुरू करण्याचे काम त्यातल्या त्यात सोपे आहे. एक्स८६वर ठरावीक इंटरप्ट (प्रोसेसरचे लगेच लक्ष वेधणारे संकेत) पाठवावे लागतात आणि जागा झालेला प्रोसेसर १६-बिट रिअल मोड या जुन्या, मूळ अवस्थेत चालू लागतो; आर्मवर बहुधा पीएससीआय, तर रिस्क-फाइव्हवर एसबीआय या ठरलेल्या संकेतपद्धतींमार्फत फर्मवेअरला (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरला) विनंती करावी लागते. ‘अमुक प्रोसेसर अमुक पत्त्यापासून सुरू कर’ एवढे एक फंक्शन तिघांनाही पुरते.

खरी कसोटी टीएलबीची, म्हणजे मेमरीचा कोणता पत्ता कोठे नेतो याच्या नोंदी प्रत्येक प्रोसेसर स्वतःजवळ ठेवतो त्या छोट्या साठ्याची, आहे. एका प्रोसेसरने एखाद्या पानाचे (मेमरीच्या ठरावीक तुकड्याचे) मॅपिंग, म्हणजे पत्त्याची जोडणी, काढले, तरी दुसऱ्याच्या टीएलबीत जुनी नोंद शिल्लक राहू शकते. ६४-बिट आर्मवर ती रद्द करण्याची आज्ञा हार्डवेअरच इतर कोरपर्यंत, म्हणजे चिपमधल्या इतर प्रोसेसरांपर्यंत, पोहोचवते. एक्स८६वर मात्र सामान्यतः इतरांना इंटरप्ट पाठवून त्यांच्या उत्तराची वाट पाहावी लागते. सीमेवरचे फंक्शन ‘सर्वांना इंटरप्ट पाठव’ असे ठेवले, तर आर्मवर विनाकारण भार पडतो. ते ‘ही नोंद कोठेही उरू देऊ नकोस’ असे ठेवले, तर ज्याला जे जमते ते तो करतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील माख कर्नलमध्ये १९८०च्या दशकात आलेला आणि बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यात आजही वापरात असलेला पीमॅप हा पत्त्यांच्या जोडण्या सांभाळणारा यंत्रसापेक्ष थर मला याच कारणासाठी फार मोलाचा वाटतो.

तरीही परिणाम मागितला म्हणजे सगळे संपत नाही, कारण वाट पाहण्याचे नियम सीमेच्या अलीकडेही पाळावे लागतात. समजा, एका प्रोसेसरने स्पिनलॉक (मोकळे होईपर्यंत इतर प्रोसेसरांना जागीच फिरत ठेवणारे कुलूप) धरून हे फंक्शन बोलावले, आणि दुसरा त्याच लॉकसाठी इंटरप्ट बंद करून फिरत राहिला आहे. दुसरा उत्तर देऊ शकत नाही, पहिला लॉक सोडत नाही, आणि यंत्र तेथेच थिजते. आर्मवर हाच कोड बिनधोक चालेल, आणि धोका आहे तो त्यातच. म्हणून वाट पाहावी लागणारच, असे गृहीत धरून नियम लिहिला आहे, आणि तो मोडला गेल्यास आर्मवरही कर्नल तत्काळ थांबेल अशी तपासणी घातली आहे.

महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने परवा विचारले, “सर, आधी सगळ्या कर्नलला एकच मोठे लॉक लावले तर?” सुरुवातीला हरकत नाही, असे मी म्हणालो; पण लिनक्समध्ये १९९६च्या २.० आवृत्तीबरोबर आलेले असे लॉक पूर्णपणे निघायला २०११ उजाडले, हेही त्याला सांगितले. त्या लॉकवर कोण कशासाठी विसंबून आहे, हे नंतर शोधणे फार अवघड जाते.

मेमरीच्या क्रमाबाबतही हेच सूत्र लागू पडते. एका कोरने आधी माहिती लिहिली आणि मग ‘तयार’ अशी खूण केली, तर एक्स८६वर दुसऱ्या कोरला या दोन नोंदी त्याच क्रमाने दिसतात. आर्म आणि रिस्क-फाइव्ह तशी हमी देत नाहीत. म्हणून सामायिक कोडमध्ये खूण लिहिताना ‘रिलीज’ (आधीचे लिखाण आधीच दिसावे) आणि वाचताना ‘अक्वायर’ (पुढचे वाचन नंतरच व्हावे) असे स्पष्ट मागायचे. एक्स८६वर त्यासाठी साधी लिहिण्या-वाचण्याची सूचनाच पुरते, त्यामुळे तेथे वेगळी किंमत मोजावी लागत नाही; हार्डवेअर आणि कंपायलर या दोघांनाही बांधून ठेवणारी ही मागणी मला संपूर्ण आराखड्यातली सर्वांत समाधानकारक गोष्ट वाटते.

चाचणीचा प्रश्न उरतो. इंटेलच्या (एक्स८६) लॅपटॉपवर क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आर्मचा कर्नल चालवला, तरी खालचा प्रोसेसर इंटेलचाच असल्याने क्रमाच्या बऱ्याच चुका उघडच होत नाहीत. आर्मचे चार कॉर्टेक्स-ए७२ कोर असलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर हीच चाचणी तासन्‌तास चालवावी लागेल. उद्या शेड्युलरच्या (कोणते काम कोणत्या कोरवर चालेल हे ठरवणाऱ्या भागाच्या) रांगांपासून सुरुवात करायची आहे, कारण एका कोरने ठेवलेले काम दुसऱ्याने उचलण्याचे प्रसंग तेथेच सर्वाधिक येतात.