पटांगणातली शिरगणती

शनिवार, सकाळची शाळा

रात्रभर झिमझिम, आता उघडीप. शाळेच्या पटांगणातली रोपं, किडे, पक्षी मोजायला याहून बरा दिवस मिळत नाही. उगवायचं ते उगवलंय आणि गवत अजून गुडघ्याला लागलेलं नाही. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीवर पाणी लवकर निथळतं, म्हणून आजच उतरता येतं. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत मात्र दोन दिवस थांबावं. तिथं चपलांना चिखलाचे थर चढतात आणि मोजायच्या आधीच रोपं तुडवली जातात.

मुलांना जैवविविधता म्हटलं की भीमगडचं अरण्य आठवतं. पटांगणात काय, तर 'गवत की ओ सर.' त्या 'गवता'साठीच चौकट. पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे 4 तुकडे, 4 एल्बो. दर 10 सेंटीमीटरवर भोक पाडून 9 उभे, 9 आडवे दोरे ओवले की 100 घरं होतात. दोरा नायलॉनचा हवा. सुतळी भिजली की ताणते, सुकली की सैल पडते आणि घरं वेडीवाकडी होतात.

चौकट फेकायची नाही. डोळे मिटून फेकली तरी हात हिरव्या जागेकडेच वळतो, शिवाय कुणाच्या नडगीला लागते ते वेगळंच. पटांगणाच्या दोन कडांना दोन टेप लावायच्या आणि चिठ्ठ्या काढायच्या: लांबीसाठी 0 ते 59 मीटर, रुंदीसाठी 0 ते 39. आकडे जुळतील तिथं चौकटीचा एक ठरलेला कोपरा. चिठ्ठी नेमकी खो-खोच्या खांबाजवळच्या उघड्या मातीवर निघाली की मुलं म्हणतात, 'इथं काहीच नाही, दुसरी काढू.' नाही काढायची. 100 पैकी 96 घरं माती, 4 घरं हरळी, हीसुद्धा नोंदच. अशा चौकटी गाळल्या तर कागदावरचं पटांगण खऱ्यापेक्षा हिरवं होतं.

हरळीची रोपं मोजू नयेत. तिचे धावते कोंब जमिनीला धरून जागोजागी मुळं सोडतात. कुठं एक रोप संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे उपटल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिची घरं मोजायची. निम्म्याहून जास्त घर जिनं व्यापलं, घर तिचं. टाकळ्याखाली हरळी असेल तर? वरून दिसतं तेच धरायचं, आणि हे सुरू करण्याआधी ठरवायचं. नाहीतर एका गटाची बेरीज 100 येते, दुसऱ्याची 130.

साठ बाय चाळीस मीटरच्या पटांगणात अशा 10 चौकटी म्हणजे अर्धा टक्कासुद्धा जागा नाही. पुरे झालं हे कसं ओळखायचं? प्रत्येक चौकटीनंतर आजवर सापडलेल्या एकूण जाती आलेखावर मांडायच्या. रेघ आडवी होऊ लागली की थांबायचं. चढतच असेल तर आणखी चौकटी.

नावांचा घोळ या भागात दुप्पट. लाजाळू आपल्याकडे लाजते. कन्नडात ती 'मुट्टिदरे मुनि', म्हणजे हात लावला की रुसणारी. हरळीला गरिके, टाकळ्याला तगचे. एकाच चौकटीत दोन गटांनी दोन नावं लिहिली की एका रोपाच्या दोन जाती होतात. तेव्हा आधी खूण: क-1, क-2. पान-फुलाचा तुकडा पारदर्शक टेपनं वहीत चिकटवायचा आणि पुढं मिळतील ती सगळी नावं लिहायची. नाव महिन्यानं कळलं तरी चालतं, मोजणी मात्र आजचीच. काँग्रेस गवताला तेवढा दोन्ही भाषांत वाद नाही! ते फुलोऱ्यात असेल तर हाताळू देऊ नये. खाज सुटते, शिंका येतात.

सोमवार

आज जमिनीवरचे किडे अडकवायच्या पेल्यांची पाहणी. काल दुपारी कुंपणाजवळ 6 प्लास्टिकचे पेले पुरले होते, तळाला सुईनं भोकं पाडून. पेल्याची कड जमिनीच्या बरोबरीत किंवा केसभर खाली हवी. जरा वर राहिली की मुंगळे वळसा घालून जातात आणि पेला रिकामाच राहतो. वर कौलाचा तुकडा, तीन खड्यांवर टेकवून, म्हणजे पाऊस आत येत नाही. 24 तासांच्या आत बघायचंच, नाहीतर आतले एकमेकांना खातात आणि बेडकाचं पिल्लू अडकलं तर सुकून मरतं. मोजून झालं की जिथल्या तिथं सोडायचं. किडे उचलायला चिमटा नको, रंगवायचा मऊ ब्रश.

दगड उलटायचं काम फक्त मोठ्या माणसाचं. पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे विंचू, गोम किंवा फुरसं निघालं तर मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. खालची ओल हेच त्यांचं घर.

पक्षी शाळा भरायच्या आत, एका जागी उभं राहून 10 मिनिटं. साळुंक्या चार, मग तीन, मग पाच दिसल्या तर बारा लिहायच्या नाहीत. एका वेळी दिसलेल्या सर्वांत जास्त, म्हणजे पाच.

13 ऑगस्ट

झेंडावंदनासाठी उद्या पटांगण खरडलं जाणार. स्वच्छता हवीच, पण कुंपणालगतच्या टाकळ्यावर आज हिरव्या अळ्या आहेत, पानाच्या शिरेला चिकटून, सहज न दिसणाऱ्या, पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या. कोपऱ्यातल्या रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराची काळी-पांढरी-पिवळी पट्ट्यांची अळी. दोन मीटरची पट्टी न खरडता ठेवायची विनंती आजच करावी, आणि तिथून काँग्रेस गवत तेवढं हातमोजे घालून फुलायच्या आत उपटावं.

खरडण्याआधी आणि नंतर महिन्यानं, त्याच आकड्यांवर पुन्हा चौकटी. वरच्या वर्गाला गणितही मिळतं. मोजता येण्याजोगी 100 रोपं तीन जातींत 90, 5, 5 अशी असतील तर प्रत्येक हिश्श्याचा (0.90, 0.05, 0.05) वर्ग करून बेरीज 1 मधून वजा करा: 0.185. तीच 40, 35, 25 असतील तर 0.655. जाती दोन्हीकडे तीनच, पण आकडा मोठा तिथं विविधता जास्त.

पेले आज काढले. खड्डे सहा होते, सहाही माती दाबून बुजवायचे आणि मोजायचे. उद्या कवायत आहे, पाय मुरगळायला एक राहिलेला खड्डा पुरतो.