तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बोनान मातेनोन’मधला ‘न’

एस्पेरान्तो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग त्यात गुड मॉर्निंगला काय म्हणतात?’ मी सांगतो, ‘बोनान मातेनोन’. एखादा चौकस असला तर तिथेच अडतो. सकाळ म्हणजे ‘मातेनो’, चांगली म्हणजे ‘बोना’. मग दोघांच्या शेपटीला हा ‘न’ कशाला?

तो कर्माचा. मूळ वाक्य ‘मी तुम्हाला चांगली सकाळ चिंततो’ असं धरायचं. त्यातलं बाकी सगळं गळालं आणि कर्म तेवढं आपल्या खुणेसकट उरलं. विशेषणही कर्माच्या मागोमाग जातं, म्हणून ‘न’ दोनदा. ‘सालूतोन’ म्हणजे नमस्कार, तिथेही हाच. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात ही भाषा जाहीर केली तेव्हा व्याकरणाचे नियम अवघे १६ होते. तरी हा ‘न’ विसरतोच. मी अजून विसरतो.

दिवसा ‘बोनान तागोन’, संध्याकाळी ‘बोनान वेस्पेरोन’. दुपारला ‘पोस्ततागमेझो’ असा शब्द आहे, मध्यान्हानंतरचा वेळ या अर्थाचा, पण एवढं लांबलचक म्हणेपर्यंत समोरचा निघून जायचा. ‘तागोन’वर भागवावं. ‘बोनान नोक्तोन’ मात्र जपून. एकदा रात्री साडेनऊच्या ऑनलाइन गप्पांत आल्या आल्या मी ते म्हणालो आणि पलीकडून ‘जीस!’ आलं, म्हणजे ‘अच्छा, भेटू’. ते निरोपाचं असतं, हे तेव्हा कळलं.

मला खरी गोडी लागली ती ‘तागीजास’ची. ‘ताग’ म्हणजे दिवस, ‘ईज’ म्हणजे होणं, ‘आस’ हा वर्तमानकाळ. एका शब्दाचं वाक्य, कर्त्याशिवाय. इंग्रजीच्या वळणाने शिकणारे इथे कर्ता शोधत बसतात. आपल्याला काय, उजाडतंय! कोण उजाडतंय, असं आपण कधी विचारलंय? ‘वेस्पेरीजास’ म्हणजे सांजावतंय. ‘तागो’चा अर्थ उजेडाचा दिवस की चोवीस तासांचा, असा घोळ होऊ नये म्हणून ‘तागनोक्तो’ आहे, दिवस आणि रात्र जोडून. हुबेहूब अहोरात्र.

कातरवेळेपाशी मात्र माझं अडतं. ‘क्रेपुस्को’ पहाटेच्या संधिप्रकाशालाही चालतो, म्हणून ‘वेस्पेरक्रेपुस्को’ म्हणायचं. उजेड नेमका तेवढाच, पण त्यातली हुरहुर सांगायला मला अजून वेगळं वाक्य लागतं.