दांडी आली नाही

गेल्या गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, माझ्या भाच्याने मला सगळ्यांच्या देखत विचारले, "मामा, तू सिरियस गेमर आहेस का रे?" प्रश्नात चेष्टा होती आणि ती अगदीच गैर नव्हती. तो स्वतः रोज रात्री तीन मित्रांना घेऊन बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळतो, त्यासाठी हट्टाने घेतलेला मोबाइल त्याच्याकडे आहे, मोठा हेडफोन आहे आणि घामाने बोटे घसरू नयेत म्हणून अंगठ्यांना चढवायची कापडी टोपणेही आहेत. मी मात्र चाळिशी उलटल्यावरही 1989 साली निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रासाठी निघालेला टेट्रिस संगणकावर खेळत बसतो, ज्यात ना बंदूक आहे, ना नकाशा, ना गोष्ट. तेवढ्यात आरतीला बोलावणे आले आणि उत्तर राहून गेले.

लोक पहिल्यांदा तास मोजतात, आणि तिथेच माझी पंचाईत होते, कारण तासांच्या हिशेबात मी शाळेत असतानाच गंभीर खेळाडू ठरलो असतो. दोन पेन्सिल सेलवर चालणारा जत्रेतला 'ब्रिक गेम' मी आठवीच्या उन्हाळ्यात इतका खेळलो, की शेवटी वडिलांनी सेल काढून कपाटात कुलूपबंद केले. मात्र त्या दोन महिन्यांत माझा खेळ तसूभरही सुधारला नाही. तुकडा वरून येई, हात आपोआप चाले, डाव संपे आणि पुढचा सुरू होई. पुढे नोकरीतल्या एका वाईट वर्षातही मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हाच खेळ खेळत असे, तो केवळ डोक्यातले विचार थांबावेत म्हणून. त्या रात्रींमधला एकही डाव मला आज आठवत नाही.

बदल झाला तो एका वहीमुळे. 18व्या पातळीपासून सुरुवात करून 19वी गाठायचीच, असे मनाशी ठरवून मी प्रत्येक डावानंतर हरण्याचे कारण एका ओळीत लिहू लागलो. न खेळणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. वरून पडणारे तुकडे रचून एखादी आडवी ओळ पूर्ण भरली की ती उडते, आणि पातळी म्हणजे साधारणपणे तुकडे पडण्याच्या वेगाची पायरी. या खेळात सात प्रकारचे तुकडे येतात आणि त्यांतला चार घरांचा सरळ लांब तुकडा, ज्याला आम्ही लहानपणापासून दांडी म्हणतो, तो एकटाच चार ओळी एका दमात उडवू शकतो. एकेक करून चार ओळी उडवल्या तर मूळ गुण 160 मिळतात, दांडीने एकदम उडवल्या तर 1200. त्यामुळे खेळणारा उजवीकडची एक पट्टी विहिरीसारखी मोकळी ठेवतो, बाकीचे नीट रचत जातो आणि दांडीची वाट पाहतो. दांडी आली नाही की रचलेला ढीग डोक्यापर्यंत चढतो आणि खेळ आटोपतो. माझ्या वहीची पहिली चार पाने याच एका वाक्याने भरली होती : दांडी आली नाही.

पाचव्या पानावर आल्यावर मला या वाक्याचा संशय येऊ लागला आणि एका रविवारी मी हिशेब मांडला. पट दहा घरे रुंद आहे आणि 18व्या पातळीपासून सुरुवात केली तर 19वी यायला 130 ओळी लागतात, म्हणजे साधारण 325 तुकडे, आणि त्यांत सरासरीने 46 दांड्या. लागोपाठ तोच तुकडा शक्यतो येऊ नये म्हणून या खेळात एक छोटीशी तजवीज आहे, ती क्षणभर बाजूला ठेवली, तर सलग 20 तुकड्यांत दांडी न येण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास निघते. 46 वेळा वाट पाहायची, प्रत्येक वेळी ही शक्यता, म्हणजे एका डावात असा दुष्काळ सुमारे दोनदा पडणारच. नंतरच्या काळातल्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात, त्यामुळे तिथे एवढा दुष्काळ पडतच नाही; या जुन्या खेळात तशी काहीच हमी नाही. ज्या गोष्टीला मी नशिबाचा घाला म्हणत होतो ती जूनमधल्या पावसाच्या ओढीइतकी नेहमीची होती, आणि तिची बेगमी न करता मी दर वेळी पेरणी करून मोकळा होत होतो.

त्यानंतर मी डावांचे चित्रीकरण करून ते सावकाश पाहू लागलो. बहुतेक वेळा चूक दुष्काळाच्या बरीच आधी झालेली दिसे. ढीग निम्म्यावर आल्यावर एक-दोन ओळी कमी गुणांत उडवून खाली यायला हवे होते, पण 1200च्या लोभाने मी ते टाळले होते. किंवा डावीकडे तीन घरांचा असा खोल खड्डा ठेवला होता, की दांडी आली तरी ती आधी तिथेच खर्ची पडली असती. तेव्हापासून वहीत 'दांडी आली नाही' असे लिहायला मी स्वतःला मनाई केली. माझ्या लेखी मी गंभीर खेळाडू झालो तो त्या दिवशी, आणि त्या दिवशी मी जेमतेम पाऊण तास खेळलो असेन.

हाच खेळ जगात सर्वांत उत्तम खेळणाऱ्यांकडे पाहिले तर ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर दिसते. 29व्या पातळीवर तुकडा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, एक घर खाली येतो. सेकंदाला सुमारे 60 फ्रेम आणि पटाची उंची 20 घरे, म्हणजे रिकाम्या पटावरही तो एक तृतीयांश सेकंदात तळाला टेकतो. डावी-उजवीकडे नेण्याचे बटण दाबून धरले तर तुकडा आधी एक घर बाजूला सरकतो, मग 16 फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर 6 फ्रेमला एकेक घर सरकतो. मधून निघालेला तुकडा या चालीने भिंतीपर्यंत पोचणेच शक्य नाही. म्हणून कित्येक वर्षे लोक 29व्या पातळीला खेळाचा शेवट मानत आणि तिथे मेल्याबद्दल कुणी स्वतःला दोष देत नसे. मग काही जणांनी बटण दाबून धरणे सोडून ते सेकंदाला दहा-बारा वेळा ठोकायला सुरुवात केली. 2010 पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत सात वेळा विजेता ठरलेला जोनास न्यूबाउअर बटण धरून खेळणाऱ्यांपैकी होता; 2018च्या अंतिम फेरीत 16 वर्षांच्या जोसेफ सेलीने ठोकण्याच्या पद्धतीने त्याला हरवले. दोन-तीन वर्षांत आणखी पुढची युक्ती निघाली. एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे तबल्यावर फिरवावीत तशी गेमपॅडच्या पाठीवर एकामागून एक मारायची, म्हणजे धक्का मागून बसतो आणि बटण पुढून दाबले जाते. गेमपॅड तोच, खेळ तोच, खर्च शून्य. 21 डिसेंबर 2023 रोजी ओक्लाहोमातल्या 13 वर्षांच्या विलिस गिब्सनने याच पद्धतीने 157वी पातळी गाठली आणि तिथे खेळच गोठला. हा खेळ नेमका कुठे गोठू शकतो याचा तक्ता खेळणाऱ्यांनी त्याचा मूळ कोड वाचून आधीच तयार केलेला होता, याचे मला त्या विक्रमाइतकेच अप्रूप वाटते.

माझी झेप यातल्या कशाच्याही जवळपास नाही, हे वेगळे सांगायला नको. बोटे फिरवण्याचा तो प्रकार मी महिनाभर करून पाहिला. मनगट दुखले आणि बायकोने टेबलावर काय वाजवतोस असे विचारले, एवढीच कमाई. 19वी पातळी मात्र आता अधूनमधून दिसते.

आता भाच्याविषयी. मोबाइलवर खेळतात ते खेळच नव्हेत, असे मानणारा एक वर्ग आहे आणि मी त्याच्या बाजूचा नाही. हा मुलगा सामना सुरू होण्याआधी अर्धा तास सरावाच्या मैदानावर एकाच भिंतीवर गोळ्या झाडत असतो, कारण प्रत्येक बंदुकीचे तोंड गोळीबारात किती आणि कुठल्या बाजूला उचलले जाते ते त्याला अंगठ्यात मुरवायचे असते. मला विचाराल तर त्याचा गंभीरपणा त्या कंटाळवाण्या अर्ध्या तासात आहे. हेडफोन आणि टोपणे नसती तरी चालले असते. फक्त सामना हरला की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'लॅग', म्हणजे नेट अडकले. कधीकधी ते खरेही असते. कॅरमवाल्यांना पावडर कमी पडते, क्रिकेटवाल्यांना खेळपट्टी नडते, तसेच हे. प्रत्येक खेळाची आपापली न आलेली दांडी असते. मी त्याला हे सांगितले नाही, कारण मामाने सांगितले म्हणून कुणी वही घालत नाही.

दिवाळीत तो पुन्हा आला तेव्हा मी आदल्या रात्रीचा हरलेला डाव पाहत बसलो होतो. सलग 31 तुकड्यांत दांडी आली नव्हती आणि या एका वेळी तरी मनाई मोडून तेच वाक्य लिहावे, असे मला मनापासून वाटत होते. त्याने खुर्ची ओढली, थोडा वेळ गप्प राहून पाहिले, मग माझ्या हातातला माउस घेऊन चित्र दीड मिनिट मागे नेले आणि थांबवले. "मामा, इथे हा झेडच्या आकाराचा तुकडा तू डावीकडे का टाकलास?" त्याने विचारले. "उजवीकडे जागा होती की."

जागा होती. मी वही उघडली आणि बराच वेळ पेन तसाच धरून बसलो.